चार कुंड्यांची परसबाग

वाड्याच्या मागं परस असायचं. न्हाणीघराचं सांडपाणी वाहत जाई तिथं अळू फोफावायचं, शेजारी केळ, कुंपणावर वालाचा वेल, कोपऱ्यात कढीपत्ता आणि पुढं अंगणात तुळस. या बागेचा कागदावर आराखडा कुणी काढलेला नसे. पाणी जातंय तिथं पाणी मागणारी भाजी, कुंपण उभंच आहे तर त्यावर वेल, असा तिचा साधा हिशेब होता. फ्लॅटमध्ये परस उरलं नाही, हिशेब मात्र तोच आहे. बाल्कनीतली बाग फसते ती बहुतेकदा तो न मांडल्यामुळं. नर्सरीत फुललेला गुलाब दिसतो, आपण तो घरी आणतो, आणि महिन्याभरात त्याच्या नुसत्या काड्या उरतात. म्हणून माझं सांगणं असं, की झाड सगळ्यात शेवटी निवडावं. आधी घरातलं ऊन पाहावं, मग माती तयार करावी, आणि त्या दोहोंना जे मानवेल तेच लावावं.

आधी ऊन

महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळं सूर्य वर्षातून दोनदा बरोबर आपल्या डोक्यावर येतो. पुण्या-मुंबईत मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस हे शून्य सावलीचे दिवस येतात. या दोन दिवसांच्या मधल्या काळात दुपारचा सूर्य उत्तरेकडं कललेला असतो. एरवी अंधारी वाटणाऱ्या उत्तरेच्या बाल्कनीत मे-जूनमध्ये ऊन येतं ते यामुळं. डिसेंबरात याच्या उलट होतं. भर दुपारीसुद्धा सूर्य दक्षिणेला जेमतेम ४८ अंशांवर असतो. दक्षिणेच्या बाल्कनीवर नऊ फुटांवर स्लॅब असेल आणि कठडा जाळीचा असेल, तर तेव्हाचं ऊन जवळजवळ आठ फूट आत येतं. तीच बाल्कनी मे महिन्यात दुपारभर सावलीत असते. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीत टोमॅटो, मिरची, शेवंती यांचा खरा हंगाम दिवाळी ते होळी. उन्हाळ्यात तिथं सावली चालणाऱ्या कुंड्या ठेवाव्यात.

पूर्वेचं कोवळं ऊन जवळपास सगळ्या झाडांना मानवतं. पश्चिमेचं ऊन झाडाला सोसतं, पण एप्रिलमध्ये दुपारनंतर कुंडीची भिंत तापते आणि भिंतीला टेकलेली मुळं पोळतात. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत हा त्रास जास्त. गोणपाट गुंडाळलं, कुंडीला बाहेरून चुना लावला किंवा मोठ्या कुंडीपुढं लहान कुंडी ठेवून सावली केली, तरी बराच फरक पडतो.

मोजायची पद्धत सोपी आहे. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर दोन तासांनी बाल्कनीत डोकवायचं आणि ऊन कुठंवर आलंय तिथं खडूनं रेघ ओढायची. समोरची इमारत, शेजारचा पिंपळ, वरच्या मजल्यावरचं वाळत घातलेलं कापड, सगळं यात धरलं जातं. हेच जूनमध्ये एकदा आणि डिसेंबरात एकदा केलं, की आपल्या घराचं उन्हाचं पंचांग तयार होतं. सहा तास ऊन मिळालं तर फळभाज्या आणि गुलाब, तीन-चार तास मिळालं तर मेथी, पालक, कोथिंबीर. त्याहून कमी असेल तर पुदिना, अळू, ओव्याची पानं, नागवेल यांच्यावर समाधान मानावं. नागवेलीला तर भर ऊन नकोच असतं.

माती तयार करावी लागते

शेतातली उत्तम काळी माती कुंडीत भरली की पिकेलच, असं अनेकांना वाटतं. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आक्रसते. शेतात तिला भेगा पडतात, तशी कुंडीत ती कडेपासून सुटते. वरून घातलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली जातं, थाळी भरते आणि मधला मुळांचा गोळा कोरडाच राहतो. नुसती लाल माती वापरावी तर ती दोन-तीन महिन्यांत दबून घट्ट होते. कुंडीत मुळांना हवा, ओल आणि अन्न हे तिन्ही एवढ्याशा जागेत मिळायला हवं. त्यासाठी एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत आणि एक भाग कोकोपीट किंवा चुरलेला सुका पाला हे प्रमाण सुरुवातीला पुरेसं आहे. कोकोपीट नारळाच्या काथ्याचा भुसा असतो आणि त्यात क्षार असू शकतात, म्हणून वापरण्याआधी दोन-तीन पाण्यांनी धुवून घ्यावं.

निचऱ्यासाठी तळाशी विटांचे तुकडे किंवा खडी घालायची आपल्याकडं सवय आहे. तिचा फायदा होत नाही. बारीक कणांची माती आपल्यातलं पाणी खालच्या मोठ्या फटींमध्ये सहजी सोडत नाही. ते खडीच्या वर अडून राहतं, आणि जी ओल एरवी कुंडीच्या तळाशी राहिली असती ती मुळांच्या आणखी जवळ येते. भोकावर एक खापरी ठेवली, माती वाहून गेली नाही, एवढं पुरे. भोकं मात्र नीट मोठी हवीत. नर्सरीतून आणलेल्या कितीतरी कुंड्यांची भोकं अर्धवट बुजलेली असतात.

खोलीचा हिशेब असा: मेथी-कोथिंबिरीला सहा इंच माती चालते, वांगं-टोमॅटोला फूटभर लागते, लिंबाला त्याहून मोठं पिंप. वीस लिटरची जुनी बादली वांग्याच्या एका रोपाला छान होते. मातीचा वरचा थर उघडा ठेवू नये. सुका पाला, उसाची चिपाडं, नारळाच्या शेंड्या, जे हाताशी असेल त्याचं दोन बोटं जाडीचं आच्छादन घालावं. ओल टिकते, माती तापत नाही, आणि आच्छादन खालून हळूहळू कुजून खतच होतं.

ओलं आणि सुकं

खत विकत आणण्यापेक्षा घरात करावं, असं मी आग्रहानं म्हणेन, कारण बागेचा पुढचा सगळा खर्च त्यानं वाचतो. भाज्यांची देठं, फळांच्या साली, चहाचा चोथा हे ओलं. वाळलेली पानं, लाकडाचा भुसा, फाडलेला पुठ्ठा हे सुकं. ओल्यात नत्र जास्त, सुक्यात कर्ब जास्त, आणि कुजवणाऱ्या जिवाणूंना नत्राच्या पंचवीस-तीस पट कर्ब लागतो. घरात तराजू घेऊन बसायची गरज नाही. एक वाटी ओल्यावर एक-दोन वाट्या सुकं पसरावं. भोकं पाडलेल्या बादलीत किंवा क्रेटमध्ये हे थर रचत जायचं, आठवड्यातून एकदा वरखाली करायचं. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा आंबट ताक घातलं की काम लवकर सुरू होतं. दोन-तीन महिन्यांत बादली निम्म्याहून खाली बसते आणि पावसाळी मातीचा वास येऊ लागतो.

दुर्गंधी आली तर समजायचं, ओलं जास्त झालंय आणि हवा कमी पडतेय. सुका पाला मिसळला की एक-दोन दिवसांत ती जाते. त्यात जाड, करड्या अळ्या दिसल्या की घरात आरडाओरडा होतो. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या असतात. ही माशी अन्नावर बसत नाही, चावत नाही, आणि तिच्या अळ्या ओला कचरा भराभर संपवतात.

सुका पाला ही शहरातली सगळ्यात दुर्लक्षित संपत्ती आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या आवारात पानांचे ढीग पडतात आणि कुणीतरी ते पेटवून देतं. पोतंभर पानं भरून ठेवली तर वर्षाचं सुकं निघतं. शेजाऱ्यांनाही सांगावं. पेटवलेला पाला फक्त धूर देतो आणि श्वासाचा त्रास असलेल्यांना छळतो.

काय, कधी

मृग लागला की वेलभाज्या: दोडका, पडवळ, दुधी, काकडी, शिवाय भेंडी आणि गवार. पडवळाच्या टोकाला लहानसा दगड बांधायची जुनी रीत आहे, त्यानं फळ वेटोळं न होता सरळ लांब वाढतं. दसऱ्यानंतर पालक, मेथी, मुळा, टोमॅटो, वांगी, फ्लॉवर. उन्हाळ्यात चवळी, माठ, भेंडी. रात्रीही उकाडा असतो तेव्हा टोमॅटोची फुलं फळ न धरताच गळतात. मेमध्ये टोमॅटो लावून निराश होण्यात अर्थ नाही.

नवख्या माणसानं स्वयंपाकघरातल्या डब्यांपासून सुरुवात करावी. डब्यातली मेथी पेरली की उगवते. धणे रगडून दोन फाकी करून पेरावेत, कारण एका धण्यात दोन बिया असतात. पुदिन्याच्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवल्या की आठवड्याभरात मुळं फुटतात. अळूचा कांदा मिळाला तर पुढं वडीच्या पानांची काळजी नाही.

एकच कुंडी लावायची असेल तर मी हळद सुचवेन. मेमध्ये बाजारातली ताजी, डोळे फुटलेली हळकुंडं दोन बोटं खोल पुरायची. पावसाबरोबर हातभर लांब पानं येतात, अर्धं ऊन त्यांना पुरतं. श्रावणात कोकणात आणि गोव्यात पातोळ्यांसाठी ही पानं शोधत बाजार पालथा घालावा लागतो, तेव्हा ती आपल्या खिडकीत असतात. जानेवारी-फेब्रुवारीत पानं पिवळी पडून मान टाकतात. मग कुंडी उलटी करायची. ओल्या हळदीचं लोणचं होतं, आणि त्यातलेच चार तुकडे पुढच्या मेसाठी बाजूला ठेवायचे. कीड नाही, फवारणी नाही, आणि एका झाडातून पान, कंद आणि बेणं तिन्ही मिळतं.

झेंडूचंही असंच. दसऱ्याच्या तोरणातली दोन-चार फुलं वाळवून ठेवावीत आणि पुढल्या जुलैअखेर त्यांच्या काड्यांसारख्या बिया पेराव्यात. फुलं दरवेळी तशीच येतील असं नाही, पण दसऱ्याच्या सुमाराला ती येतात.

फुलं येतात, फळ का धरत नाही?

बाल्कनीत वेल वाढवणाऱ्या जवळपास प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. दुधी, भोपळा, दोडका, काकडी यांच्या एकाच वेलावर नर आणि मादी अशी वेगळी फुलं येतात. मादी फुलाच्या मागं इवलंसं फळ जन्मापासूनच दिसतं, नर फुलामागं नुसता देठ असतो. सुरुवातीला बरेच दिवस नर फुलंच येतात, तेव्हा घाबरायचं कारण नाही. मादी फूल उमललं आणि त्याला पराग मिळाला नाही, तर ते छोटं फळ पिवळं पडून गळतं. लोक खत कमी पडलं म्हणून खत घालत राहतात. सातव्या-आठव्या मजल्यावर माशी पोचलेली नसते, एवढंच कारण असतं.

मग ते काम आपण करायचं. नर फूल तोडायचं, पाकळ्या मागं दुमडायच्या आणि पुंकेसर मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवायचे. वेळ मात्र साधावी लागते. भोपळ्याची पिवळी फुलं पहाटे उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात. दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, ती रात्रीच्या पतंगांसाठी असतात. दोडकाही संध्याकाळचाच, घोसाळं मात्र सकाळचं. दुधीसाठी सकाळी आठला ब्रश घेऊन उभं राहिलं तर हाती काही लागत नाही. कामावरून परतल्यावर, दिवेलागणीला दुधीकडं जावं. दोन-तीन दिवसांत फळाची मान खाली वळते आणि लव चमकू लागते, तेव्हा जमलं असं समजावं.

टोमॅटो, वांगी, मिरची यांच्या एकाच फुलात दोन्ही असतं, पण टोमॅटो-वांग्यात पराग आतल्या नळीत कोंडलेला असतो. काही रानमाश्या फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात आणि तो झटकून घेतात. त्या नसल्या तर सकाळी उशिरा फुलांच्या झुपक्याला बोटानं टिचक्या माराव्यात.

माश्या याव्यात म्हणूनही काही करता येतं. तुळशीची मंजिरी प्रत्येक वेळी खुडून न टाकता एखादी कुंडी फुलू द्यावी. सातेरी आणि इवल्याशा, नांगी नसलेल्या पोयाच्या माश्या तिच्यावर दिवसभर असतात. कोथिंबीर आणि बडीशेपेची फुलंही त्यांना आवडतात. माश्यांसाठी फुलं ठेवायची आणि त्यांच्यावरच कीटकनाशक मारायचं, असं मात्र करू नये.

कीड, मुंग्या आणि अळ्या

जास्वंदीवर कापसासारखे पांढरे पुंजके दिसले की तो पिठ्या ढेकूण. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे ठिपके दाटले की मावा. या दोघांच्या अंगातून गोड चिकट रस पाझरतो. मुंग्या तो चाटतात आणि बदल्यात त्यांची राखण करतात, त्यांना खाणाऱ्या ढालकिड्यांना हुसकावतात. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद करावी. मग पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानं कीड धुवून काढावी. तरीही राहिली तर लिटरभर पाण्यात पाच मिलि कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थोडे थेंब मिसळून संध्याकाळी फवारावं. उन्हात फवारलं तर पानं करपतात.

लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर चिमटीत धरून चिरडण्याआधी नीट पाहावं. ती फुलपाखराची लहान अळी असते, मोठी झाली की हिरवीगार होते. ब्लू मॉर्मनच्या अळ्याही लिंबाच्याच कुळावर वाढतात. २०१५ मध्ये महाराष्ट्रानं या फुलपाखराला राज्य फुलपाखरू ठरवलं, आणि असा मान देणारं ते देशातलं पहिलं राज्य. चार-पाच अळ्यांनी निम्मी पानं खाल्ली तरी चांगलं वाढलेलं लिंबू पुन्हा फुटतं. माझ्या मते तेवढी पानं त्यांना द्यावीत. लहान रोप असेल तर अळ्या उचलून मोठ्या झाडावर सोडाव्यात.

पाणी, आणि गच्चीचं वजन

रोज ठरावीक मग पाणी घालणं चुकीचं. बोटाचं एक पेर मातीत खुपसावं, कोरडं लागलं तर घालावं. पावसाळ्यात आठवडाभर घालावं लागत नाही, एप्रिलमध्ये दोन वेळाही लागतं. थाळीतलं साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून, थाळी घासून कोरडी करावी. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत अंड्यापासून डास तयार होतो. गावाला जायचं असेल तर मोठ्या कुंडीत लहान मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्यानं भरावं. ते पाझरत राहतं.

गच्चीवर बाग करणाऱ्यांनी वजनाचा विचार आधी करावा. एक घनफूट ओली माती पंचेचाळीस-पन्नास किलो भरते. एक चौरस मीटर गच्चीवर फूटभर जाडीचा ओल्या मातीचा थर म्हणजे जवळपास पाचशे किलो, आणि साध्या राहत्या इमारतीची गच्ची एवढा भार धरून बांधलेली नसते. म्हणून सलग वाफे करू नयेत. कुंड्या तुळयांच्या आणि खांबांच्या ओळीत ठेवाव्यात, विटांवर उचलून ठेवाव्यात म्हणजे खालची जमीन कोरडी राहते आणि गळती लगेच कळते. वाफेच हवे असतील तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारावं. कोपऱ्यात उगवलेलं पिंपळाचं रोप दिसेल त्या दिवशी उपटावं.

ज्यांनी करून दाखवलं

कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी शेतीकडं उन्हाची सुगी म्हणून पाहिलं. पानावर पडणारा प्रत्येक किरण वापरला जातोय का, हा त्यांचा प्रश्न होता. पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे पुरे होतात, असं त्यांनी हिशेबानं मांडलं. त्यांच्या प्रयोग परिवारातून द्राक्षबागायतदारांपासून घरगुती बागा करणाऱ्यांपर्यंत कितीतरी लोक एकमेकांकडून शिकले. मुंबईत डॉ. आर. टी. दोशी यांनी रसवंतीतून फेकलेली उसाची चिपाडं पिंपांत आणि पिशव्यांत भरून, अगदी थोडी माती वापरून, गच्चीवर भाज्या आणि फळं घेतली. वजनाचा प्रश्न त्यातून बराच सुटतो. पुढं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघरात केटरिंग अधिकारी असलेल्या प्रीती पाटील यांनी तिथल्याच ओल्या कचऱ्यावर गच्चीवर बाग उभी केली. हजारो कर्मचाऱ्यांच्या जेवणातून उरलेली सालं-देठं आवाराबाहेर न जाता वरच्या मजल्यावर गेली.

झाड पूर्ण वाढल्यावर कसं दिसतं, हे पाहायला मोठ्या बागांत जावं. भायखळ्याची राणीची बाग १८६२ पासूनची आहे. लोक तिथं पेंग्विन पाहायला जातात, पण ती मुळात वनस्पतींची बाग आहे. गोरखचिंचेचं प्रचंड खोड पाहिल्यावर कुंडीतल्या रोपाकडं बघायची नजर बदलते. पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये जानेवारीत पुष्पप्रदर्शन भरतं. तिथं कुंड्या पाहण्याइतकंच त्या आणणाऱ्या माळीबुवांशी बोलणं मोलाचं. त्यांना विचारलं की ते हातचं राखून सांगत नाहीत.

बी राखणं

अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल, घेवडा, भात आणि भाज्यांचं गावरान बियाणं जपलं, वाढवलं, वाटलं. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. शाळेत न गेलेल्या या बाईंनी केलेलं काम कुंडीएवढ्या जागेतही थोडंफार करता येतं.

संकरित वाणाचं बी पुढच्या वर्षी मूळ गुण देत नाही, म्हणून सुरुवात गावरान बियाण्यापासून करावी. वेलावरचं पहिलं चांगलं फळ खाऊ नये, बियाण्याला राखावं आणि त्याला दोरा बांधून ठेवावा, म्हणजे घरातलं कुणी तोडणार नाही. भेंडी आणि चवळीच्या शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात. दुधी वाजेपर्यंत सुकू द्यावा. टोमॅटोचं बी गरासकट वाटीत दोन दिवस आंबवावं, मग धुवून सावलीत कागदावर पसरावं, नाहीतर त्याच्या भोवतीचा बुळबुळीत थर उगवण रोखतो. भोपळ्याच्या दोन जाती जवळ असतील तर त्या एकमेकींत मिसळतात. तिथं मादी फूल आदल्या संध्याकाळी कापडी पिशवीत बांधून, सकाळी हातानं पराग लावून पुन्हा बांधावं लागतं.

वाळलेलं बी राखेत घोळून काचेच्या बाटलीत, अंधाऱ्या जागी ठेवावं आणि बाटलीवर नाव-महिना लिहावा. मेच्या शेवटी त्यातल्या दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. आठवड्याभरात सात-आठ उगवल्या तर ते बी मृगावर पेरायला चांगलं. चारच उगवल्या तर एका खड्ड्यात दोन-तीन टाकाव्यात.